टाळी कोणासाठी?

मागच्या महिन्यात दुसरी पाळी सुटल्यावर आम्ही तिघे खोलीवर मोबाईलवर एक इंग्रजी सिनेमा पाहत बसलो होतो. नाव ‘टायपॅन’. १९८६ सालचा. जेम्स क्लॅव्हेलच्या १९६६ सालच्या कादंबरीवरून काढलेला. डॅरिल ड्यूक नावाच्या दिग्दर्शकाने चीनमध्ये जाऊन तो चित्रित केला. मला इंग्रजी शाळेने शिकवलं नाही, जुन्या बाजारात घेतलेल्या डिक्शनरीने शिकवलं. त्यामुळे मधेमधे थांबवून मी बाकीच्या दोघांना गोष्ट सांगत होतो.

गोष्ट सोपी आहे. टायपॅन म्हणजे तिकडच्या बोलीत मोठा शेठ, परदेशी पेढीचा मुख्य. डर्क स्ट्रुआन नावाचा एक स्कॉटलंडचा माणूस असा टायपॅन आहे. काळ १८४० च्या आगेमागेचा. तो चीनमध्ये अफू विकतो. दुसरा एक गोरा शेठ त्याच्या जिवावर उठलेला आहे. स्ट्रुआन देखणा आहे, धीट आहे, शब्दाला जागणारा आहे. त्याच्याकडे एक चिनी बाई आहे, विकत घेतलेली, आणि तिचंही त्याच्यावर प्रेम आहे असं दाखवलं आहे. समुद्र आहे, तलवारी आहेत, वादळ आहे. हाँगकाँग बेटावर इंग्रजांचा झेंडा लागतो. आणि आपला हिरो कर्जाच्या फासात गळ्यापर्यंत अडकलेला असताना त्याला चांदीने भरलेल्या पेट्या मिळतात आणि तो सुटतो.

तिथे मी टाळी वाजवली.

खरंच वाजवली. रात्री दीड वाजता, मांडीवर थाप मारल्यासारखी. आमच्यातला एक जण, मालाच्या गाडीवर हमाली करतो, सहावी शिकलेला, तो म्हणाला, “अफूवालाच हाये ना बे तो? मंग टाळी कायची?”

मी म्हणालो, “हिरो आहे ना.”

तो म्हणाला, “हिरो असन. पण माल तं अफूच हाये ना?”

आणि कूस बदलून झोपून गेला. मला मात्र झोप लागली नाही. हा लेख त्या न लागलेल्या झोपेचा आहे.

आधी त्या मालाबद्दल. इंग्रजांना चीनचा चहा पाहिजे होता. चीनला इंग्रजांचं फारसं काही नको होतं. चहाचे पैसे चांदीत मोजावे लागत, आणि चांदी जायला लागली की साम्राज्याच्या पोटात दुखतं. मग त्यांनी एक माल शोधला, जो एकदा घेतला की माणूस पुन्हा मागतोच. तो पिकत होता आपल्याकडे. बिहार-बनारसच्या पट्ट्यात कंपनी सरकारचा मक्ता. शेतकऱ्याला आगाऊ पैसे देऊन बांधून घ्यायचं आणि कंपनीच्या भावाने अफू उचलायची. आणि इकडे माळव्यात, संस्थानांच्या मुलखात पिकलेली अफू मुंबईच्या बंदरातून जायची. पुढेपुढे कंपनी तिच्यावर पेटीमागे परवान्याचा पैसा घ्यायला लागली.

चीनच्या बादशहाने अफूला बंदी केली होती. म्हणून कंपनी स्वतःच्या जहाजातून अफू चीनला नेत नसे. ती कलकत्त्याला लिलाव करून मोकळी. पुढचं चोरीचं काम खाजगी शेठांचं. ते आपली जहाजं किनाऱ्यापासून लांब उभी करायचे आणि रात्री वल्ह्यांच्या होड्या येऊन माल न्यायच्या. त्या होड्यांना ‘चपळ खेकडे’ म्हणत. हात ओले केलेले अंमलदार दुसरीकडे बघत. १८३९ साली लिन झेशू नावाचा अधिकारी बादशहाने कॅन्टनला पाठवला. त्याने वीस हजारांवर पेट्या जप्त केल्या. हजार टनांहून जास्त अफू. खड्डे खणून, त्यात पाणी, मीठ आणि चुना टाकून त्याने ती तीन आठवडे विरघळवली आणि समुद्रात सोडली. सोडण्याआधी त्याने समुद्राच्या देवाची क्षमा मागितली, की मी तुझ्यात ही घाण सोडतो आहे.

हे वाचल्यावर मी बराच वेळ थांबलो. देवाबिवावर माझा विश्वास नाही. पण घाण सोडताना पाण्याची क्षमा मागणारा माणूस एका बाजूला, आणि माणसांच्या रक्तात तीच घाण सोडून नफ्याची वही लिहिणारा माणूस दुसऱ्या बाजूला. सिनेमा दुसऱ्यावर निघाला आणि टाळी मी त्याला दिली.

लिनच्या त्या कामाचा सूड म्हणून इंग्रजांनी युद्ध केलं. २९ ऑगस्ट १८४२ ला नानकिंगचा तह झाला. चीनने दोन कोटी दहा लाख डॉलर भरायचे, त्यात साठ लाख बुडवलेल्या अफूचे. हाँगकाँग द्यायचं, पाच बंदरं उघडायची. हा तह ज्या जहाजावर झाला त्याचं नाव ‘कॉर्नवॉलिस’. ते बांधलं होतं मुंबईच्या गोदीत, १८१३ साली, वाडियांनी, सागवानी लाकडात. या लढाईत गोऱ्यांच्या बाजूने आपले शिपाईही होते. १८४१ च्या मे महिन्यात कॅन्टनजवळ मद्रासच्या ३७ व्या पलटणीची एक तुकडी पावसात सापडली, ठिणगीच्या बंदुका भिजून निकामी झाल्या, आणि भाले-कोयते घेतलेल्या गावकऱ्यांनी तिला घेरलं. कोणाच्या अफूसाठी कोणाचा पोरगा कोणाच्या शेतात चिखलात उभा होता! त्या शिपायाच्या धाडसावर कोणी सिनेमा काढला नाही. खसखशीच्या बोंडाला चीर देऊन पहाटे चीक खरवडणाऱ्या बाईवरही काढला नाही. सिनेमात जहाज दिसतं. जहाजात माल भरणारा दिसत नाही. मी हमालाच्या शेजारी बसून तो सिनेमा पाहिला म्हणून तरी हे मला दिसलं. एरवी नसतं दिसलं.

आता आपल्या मुंबईकडे येऊ, कारण स्ट्रुआनला शिव्या देणं सोपं आहे. तो गोरा आहे, तो कादंबरीतला आहे.

जमशेटजी जीजीभॉय खरा होता. जन्म १७८३. कोवळ्या वयात आईबाप गेले. तो मुंबईला मामाच्या धंद्यात आला. धंदा रिकाम्या बाटल्यांचा. म्हणून लोक त्याला बाटलीवाला म्हणत. मग तो चीनच्या वाऱ्या करायला लागला. १८०५ च्या वारीत फ्रेंचांनी त्याचं जहाज पकडलं. त्या जहाजावर विल्यम जार्डिन नावाचा एक डॉक्टर होता. दोघांची ओळख झाली. हाच जार्डिन पुढे कॅन्टनमधल्या सर्वांत मोठ्या अफूपेढीचा मालक झाला, आणि जमशेटजी मुंबईतून त्याला माल पाठवणारा मोठा व्यापारी. १८४२ साली, ज्या साली नानकिंगचा तह झाला त्याच साली, जमशेटजीला ‘सर’ हा किताब मिळाला. हिंदी माणसाला मिळालेला तो पहिला. त्याने दान केलं ते आजही उभं आहे. १८४५ साली सुरू झालेलं जे. जे. रुग्णालय. त्याच वर्षी त्याच्या बायकोच्या पैशाने झालेला माहीमचा रस्ता. १८५७ सालचं कलेचं विद्यालय.

आमच्या वस्तीतला एक मामा मुंबईला बांधकामावर गेला होता. पडला. त्याचा पाय जे. जे.मध्ये वाचला. आज तो काठीशिवाय चालतो. मग मी काय म्हणू? तो पाय अफूने वाचवला म्हणू? की अफूचा पैसा त्या पायाने शुद्ध झाला म्हणू?

हा प्रश्न मी पुस्तकातून उचललेला नाही. तो मला लागू आहे, म्हणून विचारतो. आता ते सांगतो.

आमचा चंद्रपूर जिल्हा १ एप्रिल २०१५ ला दारूबंदीचा झाला. फुकट झाला नाही. २०१० च्या डिसेंबरात बाया चिमूरहून पायी नागपूरच्या अधिवेशनावर गेल्या होत्या. गडचिरोलीत १९९३ पासून बंदी. वर्धा जिल्ह्यात १९७५ पासून. पण वर्धा नदीच्या पलीकडे वणी, म्हणजे यवतमाळ जिल्हा. तिकडे दुकान उघडं, इकडे बंद. मधे एक पूल.

२०१७ साली मी एकोणीस वर्षांचा होतो. तीन महिने हाताला काम नव्हतं. बहिणीच्या नर्सिंगच्या कोर्सची फी भरायची होती. एका माणसाने मला विचारलं, आणि मी हो म्हणालो. शाळेचं दप्तर, दप्तरात वह्या, वह्यांच्या खाली चपट्या. रात्री मोटरसायकलवर नदी ओलांडायची. एका खेपेचे पाचशे. मी एकूण किती खेपा केल्या ते मला माहीत आहे. इथे लिहीत नाही, कारण आकडा लिहिला की त्यात फुशारकी येते.

हो, फुशारकी. खरं सांगतो, त्या पुलावर माझी छाती अशी धडधडायची की मी जिवंत आहे असं वाटायचं. दिवसभर मला कोणी ‘अबे’ म्हणून हाक मारायचं. रात्री त्या पुलावर मी कोणीतरी होतो. सिनेमातली चांदी पाहून मी टाळी वाजवली ती त्या एकोणीस वर्षांच्या पोराने वाजवली. मी चपळ खेकडा होतो.

फी भरली. बहीण आज नोकरीला आहे. लोकांची सेवा करते.

आमच्या मागच्या गल्लीत एक काका होता. लाकडाच्या डेपोत ओंडके ढकलायचा. बंदीच्या पहिल्या वर्षी सुटली होती त्याची. काकू म्हणायची, आता घरात भांडी आहेत तेवढी आहेत, एकही कमी होत नाही. मग गल्लीत माल यायला लागला. २०१९ साली काका गेला. पोट फुगून, डोळे पिवळे होऊन. माझ्याच बाटलीने गेला असं मी म्हणत नाही. माल आणणारे आम्ही पाच-सहा जण होतो. पण हे वाक्य लिहितानाच मला ते ऐकू आलं. असंच म्हणत असतील ना सगळे? कोणत्या पेटीने कोणता चिनी मेला, हे कुठल्याच वहीत लिहिलेलं नसतं. माल वाटून जातो, तसा दोषही वाटून जातो. आणि वाटता वाटता एवढा बारीक होतो की कोणाच्याच पदरात काही उरत नाही. मेलेला माणूस मात्र पूर्ण मेलेला असतो.

गेल्या वर्षी १६ ऑक्टोबरला मी काकूजवळ गेलो. बाबासाहेबांनी नागपूरनंतर १९५६ साली याच तारखेला चंद्रपुरात दीक्षा दिली. त्या दिवशी आमच्याकडे माणसं पांढरे कपडे घालून दीक्षाभूमीवर जातात. काकू निघायच्या तयारीत होती. मी सांगितलं. सगळं नाही सांगता आलं, पण मुद्द्याचं सांगितलं. म्हणालो, काकू, मला माफ कर.

ती म्हणाली, “मले माहीत होतं रे. तुह्यं दप्तर खणखणे.”

मग पदर नीट करत म्हणाली, “मले कायले माफी मांगतं? मी तं हाये जिती. जो गेला त्याले मांग.”

आणि गेली मेणबत्त्या घेऊन.

दोस्तहो, काकू अंगठेबहाद्दर आहे. पण जे. जे.चं कोडं तिने सोडवलं. माफी ज्याचं नुकसान झालं तोच देऊ शकतो. दुसऱ्याचं भलं करून तिसऱ्याचं देणं फिटत नाही. जमशेटजीच्या दवाखान्याबद्दल मामाने हात जोडावेत, जरूर जोडावेत. मीही जोडतो. पण मामाला कॅन्टनच्या वतीने पावती फाडायचा अधिकार नाही. माझी बहीण रोज दहा जणांना सलाईन लावते, तरी ती मला काकाच्या वतीने मोकळं करू शकत नाही. दान हे दान आहे. ते त्या खात्यात जमा होतं. देणं दुसऱ्या खात्यात तसंच राहतं. आपण जे करतो ते दोन्ही खाती एक करतो, आणि बेरीज काढून म्हणतो, एकंदरीत माणूस थोर होता.

मी माझ्याच सबबी तपासून पाहिल्या. तीन निघाल्या.

पहिली: मी नाही आणला तर दुसरा आणेल. आणेल. पण मग तो दुसरा जबाबदार असेल. दुसऱ्याच्या अजून न केलेल्या कामाने माझं केलेलं काम कसं पुसेल?

दुसरी: लोकांना पाहिजे होतं. मी काही कोणाच्या तोंडात ओतली नाही. टायपॅनही हेच म्हणेल. पण ज्या मालाचा धंदाच मुळी घेणाऱ्याची ‘नको’ म्हणायची ताकद मारण्यावर चालतो, तिथे ‘पाहिजे होतं’ याला काय अर्थ? आणि काकूला पाहिजे होतं का? गिऱ्हाईक एक असतं, किंमत सगळं घर मोजतं.

तिसरी: मी गरीब होतो. ही सगळ्यांत जड सबब आहे. कारण खरी आहे. जमशेटजीचीही ती खरी होती. पोरका पोरगा, बाटल्या विकणारा. पण गरिबीने मी धंद्यात का शिरलो ते कळतं. ते बरोबर होतं हे त्याने सिद्ध होत नाही. आणि जमशेटजीची गरिबी संपल्यावरही अफूच्या पेट्या जातच राहिल्या. तिथून पुढे ती सबब त्यालाही उरत नाही. ती कुठपर्यंत ओढायची, हे ज्याचं त्याला आतून माहीत असतं. मला फी भरल्यानंतरही चार खेपा केल्याचं आठवतं. त्या चार खेपांना माझ्याकडे सबब नाही.

भगवान बुद्धाने उपासकाला पाच व्यापार करू नको म्हणून सांगितलं: शस्त्रांचा, माणसांचा, मांसाचा, मद्याचा, विषाचा. सम्यक आजीविका म्हणतात ती हीच. मी लहानपणापासून पंचशील म्हणत आलो. पाचवं शील मी ‘पिऊ नको’ एवढंच समजत होतो. मी पीत नाही, म्हणून मी शीलवान, असा माझा समज. पण बुद्धाने पिणाऱ्यापाशी थांबून भागवलं नाही, विकणाऱ्याचं वेगळं नाव घेतलं. टायपॅनही बहुधा अफू ओढत नसेल. धंदेवाईक माणूस आपला माल चाखत नाही.

आणि हे आपल्या माणसांना आधीच कळलं होतं. जोतीराव पुण्याच्या नगरपालिकेत सभासद होते तेव्हा, १८८० साली, त्यांनी दारूची दुकानं वाढवायला लेखी विरोध केला. बाबासाहेब न्यूयॉर्कला शिकत होते. १९१५ साली त्यांनी ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर आणि जमाखर्चावर एम. ए.चा प्रबंध लिहिला. त्यात कंपनीच्या उत्पन्नाच्या बाबी मांडताना जमिनीच्या साऱ्याबरोबर, मिठाबरोबर अफूचं उत्पन्नही आहे. चोवीस वर्षांचा महाराचा पोरगा साम्राज्याची वही उघडून पैसा कुठून आला ते वाचत होता. आपल्याला दुसऱ्या कोणी शिकवायची गरज नाही. वही उघडायची हिंमत पाहिजे, स्वतःचीही.

तर मग मी आणि टायपॅन सारखेच का? नाही. मी पाचशे घेतले, त्याने बेट घेतलं. मला पकडलं असतं तर मी कोठडीत गेलो असतो. त्याचा माल पकडला तेव्हा त्याच्यासाठी आरमार आलं. मी केलं त्याला ‘तस्करी’ म्हणतात, त्याने केलं त्याला ‘व्यापाराचं स्वातंत्र्य’. त्याच्यावर सिनेमा निघतो. माझ्यासारख्याचा फोटो पेपरात छापतात, जमिनीवर बसवलेला, समोर बाटल्या मांडलेल्या, मागे उभे साहेब. हा फरक खोटा नाही, आणि तो मी ओरडून सांगेन. पण तो फरक शिक्षेचा आहे, ताकदीचा आहे. काकूच्या दारातून पाहिलं तर आम्ही एकाच रांगेत उभे आहोत. तो पुढे, मी शेवटी.

२०२१ च्या मे महिन्यात चंद्रपूरची बंदी उठली. कारणं दिली गेली की बंदी फसली, चोरटा धंदा वाढला, महसूल बुडाला. ही कारणं मी चीनच्या इतिहासातही वाचली. १८३६ साली तिथल्या दरबारात एका अधिकाऱ्याने अर्ज केला होता की बंदी चालत नाही, अफू कायदेशीर करा आणि कर घ्या. तेव्हा ते झालं नाही. दुसऱ्या अफूयुद्धात, १८५८ साली, पेटीमागे कर ठरवून ते झालंच. बंदीच असावी असं मी छातीठोक म्हणत नाही. बंदीत मीच पैसे कमावले, मी कोणत्या तोंडाने म्हणू? गोंड-माडियांच्या देवकार्यातला मोहाचा घोट आणि माझ्या दप्तरातली चपटी यांना एका काठीने हाणायचं, हेही मला पटत नाही. मी एवढंच विचारतो, की हा हिशोब मांडताना काकूला कोणी विचारलं का? चिमूरहून चालत गेलेल्या पायांना कोणी विचारलं का? महसूल किती बुडाला ते सरकारला रुपयात सांगता येतं. घरातलं एकही भांडं कमी झालं नाही, हे कोणत्या रकान्यात लिहायचं?

त्या हमाल दोस्ताला मी परवा म्हणालो, तू बरोबर बोलला होतास. तो विसरला होता. “कायचं बे?” म्हणाला. मी सांगितलं. तो म्हणाला, “अबे, मी तं झोपेत असन.”

पुन्हा असा सिनेमा लागला तर मी पाहीन. समुद्र मला आवडतो, मी अजून तो खरा पाहिलेला नाही. वादळही पाहीन. फक्त हात मांडीखाली दाबून ठेवीन, आणि जहाज दिसलं की आधी विचारीन, माल काय आहे.

जयभीम.